वही फाडणाऱ्या मुलासाठी वर्तन-आराखडा कसा बनवायचा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता, मानसिक आजार, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण 'भावनिक आणि वर्तनविषयक अपंगत्व' असा वेगळा प्रकार नाही. एडीएचडीचंही (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे वस्तू फेकणारं, मारणारं, वर्गातून पळणारं मूल कागदावर भलत्याच रकान्यात जातं, नाहीतर कुठेच जात नाही आणि शाळेत 'वांड' ठरतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल तेव्हा मिळो, वर्तन-आराखड्याचं, म्हणजे मूल असं का वागतं ते शोधून त्याला दुसरा मार्ग देण्याचं काम त्यावाचून अडत नाही.

सुरुवात शरीरापासून करा. कान, डोळे, दात, झोप, बद्धकोष्ठता, आकडी हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्या. कमी ऐकू येणारं मूल सूचना पाळत नाही, आणि बाईंना तो उद्धटपणा वाटतो. मूल एकाएकी बदललं असेल, तर घरी, शाळेत किंवा रिक्षात काही घडतंय का हे पाहा. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.

मग नोंदींची वही. शाळेचे सलग 10 दिवस, चार रकाने: वेळ, आधी काय झालं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. नियम एकच: डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहायचं. 'आगाऊपणा केला' ही नोंद नव्हे, तो शेरा झाला. नोंद अशी दिसते:

सोमवार, 11.10. गणित. फळ्यावरच्या 5 वजाबाक्या उतरवायला सांगितल्या. दुसऱ्या वजाबाकीला पान फाडलं, बेंचला लाथ मारली. 15 मिनिटं वर्गाबाहेर उभं केलं.

बुधवार, 11.05. गणित. हातच्याची वजाबाकी. पट्टी फेकली, शिवी दिली. ऑफिसात पाठवलं, शिपाईकाकांजवळ बसला.

गुरुवार, 11.00. चित्रकला. पूर्ण तास जागेवर.

चौथा रकाना नीट वाचा. वर्गाबाहेर काढणं ही आपल्या लेखी शिक्षा, मुलाच्या लेखी हातच्यातून सुटका. पान फाडलं की वजाबाकी टळते, हे त्याला आपणच शिकवलंय. वर्तनामागचं कारण बहुतेक वेळा चारांपैकी एक निघतं: काम टाळणं, लक्ष वेधणं, हवी ती वस्तू मिळवणं, किंवा आवाज-गर्दी असह्य होणं. कारण चुकलं की उपाय उलटतो. लक्ष हवं असलेल्या मुलाला लांबलचक समज दिली, तर ती त्याला मेजवानीच.

आता त्या वर्तनाच्या जागी दुसरं काही द्यायचं. वरच्या मुलासाठी पत्त्याएवढ्या पुठ्ठ्याची 3 कार्डं करा, त्यांवर 'थोडं थांबू' लिहा. एक कार्ड बाईंच्या हातात दिलं की 3 मिनिटं सुट्टी, वाळूचं घड्याळ समोर ठेवून. वेळ संपली की तीच वजाबाकी पुढे. मूल 6 मिनिटांनी भडकत असेल, तर चौथ्या मिनिटालाच बाईंनी कार्डाकडे बोट दाखवायचं. पान फाडल्यावर कार्ड पुढे करू नका, नाहीतर फाडणं हीच कार्ड मिळवायची युक्ती होते. शांतपणे दिलेलं कार्ड मात्र दरवेळी मान्य करायचं, तपासणीला साहेब आले असले तरी. एकदा नाकारलं की महिनाभराची मेहनत वाया. सोबत कामही कापा: 5 ऐवजी 2 वजाबाक्या, त्यांतली पहिली हमखास जमणारी.

पहिल्या आठवड्यात प्रकार वाढतो. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मूल ती आधी जोर लावून करून बघतं. बहुतेक आराखडे इथेच मोडतात: 'याने काही होत नाही' म्हणत कुणीतरी त्याला पुन्हा बाहेर पाठवतं, आणि दुप्पट आरडाओरडा केला तर सुटका होते, हा नवा धडा मूल शिकतं. म्हणून मदतनीस ताई, पीटीचे सर, घरची आजी, सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

गुणांचं कार्ड, म्हणजे ठरलेल्या अपेक्षा पाळल्या का याचे दर तासाला गुण मांडायचा तक्ता, लावणार असाल, तर 8 तास, 3 अपेक्षा आणि प्रत्येकी 0 ते 2 गुण असे दिवसाचे 48 होतात. मूल आज 20 मिळवतंय, तर लक्ष्य 24 ठेवा. 40 ठेवलंत तर दुसऱ्याच दिवशी कार्ड कचऱ्यात. मिळालेले गुण कधीही कापू नका.

भडका उडालाच, तर एकाच मोठ्या माणसाने बोलायचं, चार-पाच शब्दांत: 'मी इथे आहे. बसू या.' दोन हात अंतर ठेवा, समोर न उभं राहता जरा तिरकं उभं राहा, दार अडवू नका. त्याला ओढण्यापेक्षा बाकीची मुलं बाहेर नेणं सोपं पडतं. 'का केलंस?' हा प्रश्न तेव्हा विचारायचा नाही, कारण त्या क्षणी त्याच्याकडे उत्तर नसतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. कुणाच्या जिवाला धोका असेल तरच धरायचं. पालथं पाडून किंवा छातीवर दाब देऊन तर कधीच नाही, त्याने श्वास कोंडतो. खोलीत कोंडणंही नको. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे. घडलेलं त्याच दिवशी पालकांना सांगा, तक्रारीच्या सुरात नव्हे, वहीतल्या शब्दांत. औषध चालू असेल तर ही वही डॉक्टरांनाही दाखवा. गोळी वाढवणं-कमी करणं हे शाळेचं काम नाही.

विशेष वर्गातून नेहमीच्या वर्गात परत पाठवताना 'खेळाच्या तासापासून सुरुवात करू' असं सर्रास ठरतं. ते उलटं आहे. खेळाचा तास आणि मधली सुट्टी सर्वांत अवघड, कारण तिथे गोंगाट असतो आणि पुढच्या क्षणी काय होईल ते कळत नाही. ठरलेल्या जागेचा, ठरलेल्या कामाचा एकच तास निवडा आणि 'थोडं थांबू'ची कार्डं सोबत द्या. 2 आठवडे तो निभावला की दुसरा तास. मधली सुट्टी शेवटी, तीही आधी 5 मिनिटांची.