बालाघाटचे टोपोशीट वाचताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगररांगेवरचा माळ डोळ्यांना सपाट दिसतो, म्हणून नकाशावरही तो सपाटच वाचला जातो, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या पत्रकावर, म्हणजे टोपोशीटवर, लगतच्या दोन समोच्चरेषांमध्ये (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) सहसा 20 मीटर उंचीचा फरक असतो; त्यामुळे बारा-पंधरा मीटर खोलीची घळ दोन रेषांमधल्या कोऱ्या जागेत सहज लपून राहते. बांधाची जागा किंवा पायवाट ठरवताना कोऱ्या जागेवर भिस्त ठेवू नये. काठाच्या खुणेजवळ आकड्यापुढे ‘आर’ हे रोमन अक्षर असेल, तर ती समुद्रसपाटीपासूनची नव्हे, लगतच्या जमिनीपासूनची उंची समजावी.

दुसरी चूक म्हणजे सगळी टेकडी सारख्याच चढाची मानणे. बेसॉल्टचे थर एकावर एक साचल्याने इथला उतार पायऱ्यापायऱ्यांचा आहे. रेषा 2 मिलिमीटरवर असतील, तर जमिनीवरच्या 100 मीटरमध्ये 20 मीटर चढ, म्हणजे पाचास एक. आणि लगेच वर रेषा विरळ होऊन मोकळा माळ लागतो. चढ प्रत्येक पायरीचा वेगळा मोजावा, पायथ्यापासून माथ्यापर्यंतची सरासरी काढू नये.

सर्वांत फसवा असतो पाणलोटाचा दुभाजक, म्हणजे दोन बाजूंना वाहणारे पाणी वेगळे करणारी रेषा. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या पाटोदा तालुक्यात उगम पावतात, पण एक आग्नेयेकडे वळते, तर दुसरी थेट गोदावरीच्या दिशेने जाते. अशा पठारावर सर्वांत उंच बिंदू शोधत बसण्यापेक्षा ओढ्यांची वरची टोके आधी पेन्सिलीने गडद करावीत. समोच्चरेषेचा कोन ओढ्यात उगमाकडे आणि डोंगराच्या सोंडेवर उताराकडे वळतो, एवढे ध्यानात ठेवले की दोन्हीकडच्या टोकांमधून दुभाजक आपोआप उमटतो.

जुन्या पत्रकांवर काळी रेघ कोरड्या पात्राची आणि निळा रंग पाण्याचा असतो. तरीही निळे दिसले म्हणून उन्हाळ्यात पाणी मिळेलच असे गृहीत धरू नये.

एवढे करूनही शिवार जुळत नसेल, तर समासातले सर्वेक्षणाचे वर्ष पाहावे. 1976 साली पूर्ण झालेले जायकवाडी धरण त्याआधीच्या सर्वेक्षणात कसे दिसणार? पाझर तलावांचेही तेच. इंचाला मैल प्रमाणाच्या पत्रकांवर तर उंची फुटांत असते, तेव्हा आकडे ताडण्याआधी एकक तपासावे.