मेटाडेटात अक्षांश-रेखांश भरताना काय चुकते

जैवविविधतेच्या नोंदी जीबीआयएफवर (अशा नोंदींच्या खुल्या जागतिक संग्रहावर) देण्यासाठी आयपीटी हे जीबीआयएफचे प्रकाशन-सॉफ्टवेअर किंवा तत्सम काही वापरताना एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. आकडा मर्यादेत बसला की सॉफ्टवेअर तो मुकाट्याने घेते. अक्षांशाची मर्यादा उणे ९० ते ९०, रेखांशाची उणे १८० ते १८०. टोकियोचा रेखांश १३९ च्या पुढे असल्याने तो अक्षांशाच्या रकान्यात गेला तर लगेच अडतो. महाराष्ट्राचे रेखांश मात्र साधारण ७२.६ ते ८०.९, म्हणजे ९० च्या आतच. आपली अदलाबदल पकडली जात नाही. पुण्याचे १८.५२, ७३.८६ उलटे भरले तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. क्रम बरोबर असून रेखांशाला उणे चिन्ह लागले तर हैतीत.

गोंधळाचे मूळ बहुतेकदा क्रमात असते. गूगल मॅप्स अक्षांश आधी देतो. केएमएल आणि जिओजेसन या प्रकारच्या नकाशा-फाइलींत रेखांश आधी असतो. त्यामुळे जोडी एकदम पेस्ट न करता एकेक आकडा आपापल्या रकान्यात टाकावा.

दुसरी मोठी चूक रूपांतराची. वहीत १८ अंश ३१ मिनिटे १२ सेकंद असेल तर १८.३१ लिहू नये. जागा सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते. मिनिटांना ६० ने, सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज करावी: १८ + ०.५१६७ + ०.००३३ = १८.५२. जीपीएस यंत्र अंश आणि दशांश मिनिटे दाखवत असेल (१८ अंश ३१.२०० मिनिटे), तर ३१.२ ला ६० ने भागायचे. मूळ वाचन वेगळ्या रकान्यात जसेच्या तसे ठेवावे, म्हणजे पुढे शंका आली तर तपासता येते.

आकडे या लेखात देवनागरीत आहेत, अर्जात मात्र इंग्रजीच हवेत. मराठी कळफलक चालू राहिला की रकाना लाल होतो आणि कारण कळत नाही. वर्ड किंवा पीडीएफमधून आलेले लांब उणे चिन्ह, अंशाचे वर्तुळ आणि मागचा रिकामा स्पेसही काढून टाकावा.

मेटाडेटात (नोंदसंचाच्या वर्णनात) अभ्यासक्षेत्राच्या चार सीमा सांगणाऱ्या व्याप्तीच्या चौकटीत पश्चिमेचा आकडा पूर्वेपेक्षा लहान हवा. उदाहरणार्थ पश्चिम ७३.४, पूर्व ७४.२. उलट झाले तर चौकट पृथ्वीला दुसऱ्या बाजूने वळसा घालते. अभ्यास एकाच ठिकाणचा असेल तर पश्चिम-पूर्व सारखे आणि उत्तर-दक्षिण सारखे भरावे.

अक्षांश-रेखांश कोणत्या आधारावर मोजले ते डेटम सांगतो; जीपीएसचा डेटम डब्ल्यूजीएस८४. एक्सेलमध्ये ‘डब्ल्यूजीएस८४’ लिहिलेला कप्पा खाली ओढला की ८५, ८६, ८७ अशी अस्तित्वात नसलेली नावे तयार होतात. त्यापेक्षा कॉपी-पेस्ट करावे. जुन्या टोपोशीटवरून (छापील सरकारी भूरूप नकाशावरून) वाचलेले आकडे एव्हरेस्ट डेटमचे असतात. त्यांवर डब्ल्यूजीएस८४ लिहिले तर पुण्याच्या परिसरात शंभरेक मीटरची चूक कायमची राहते.

अनिश्चितता, म्हणजे खरी जागा दिलेल्या बिंदूपासून किती दूर असू शकते ते, मीटरमध्ये द्यावी, शून्य कधीच नाही. १ मे २००० नंतरच्या जीपीएस वाचनाची अचूकता नोंदवली नसेल तर ३० मीटर धरतात. गावाच्या नावावरून आकडे काढले असतील तर मध्यापासून हद्दीच्या सर्वांत दूरच्या टोकापर्यंतचे अंतर लिहावे. तिथे पाच दशांश स्थळे देणे दिशाभूल करणारे आहे, कारण पाचवे स्थळ सुमारे १ मीटरचे असते.

प्रसिद्ध करण्यापूर्वी सगळ्या नोंदी क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये तालुक्यांच्या सीमांवर टाकाव्यात. अक्षांश व रेखांश दोन्ही शून्य असलेल्या ओळी आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात दिसतील. ते रिकामे कप्पे असतात. तिथले शून्य पुसून रकाना मोकळा सोडावा.