बाळ रडलं की ‘दूध पुरत नाही’ म्हणू नका! पाजताना, शांत करताना आणि कॅरियरमध्ये घेताना या चुका टाळा

दिवेलागणीची वेळ झाली की दीड महिन्याचं बाळ सूर लावतं. छातीशी घेतलं तर दोन घोट पितं, तोंड काढतं, किंचाळतं, पुन्हा शोधायला लागतं. घरात निदान तयारच असतं: “अगं, पोटच भरत नाही त्याचं. दूध पुरत नसणार.” आधी सासूबाई म्हणतात, मग फोनवरून माहेरची आत्या म्हणते आणि दोन दिवसांत बाळंतीण स्वतःही तेच म्हणायला लागते. पुढच्या निम्म्या चुका या एका वाक्यातून सुरू होतात.

निरोगी बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. त्यातलं बरंचसं रडणं संध्याकाळचं असतं. फक्त डब्याच्या दुधावर असलेली बाळंही याच वयात, याच वेळेला रडतात. आईचं दूध कमी पडणं हेच कारण असतं, तर ती तरी गप्प बसली असती.

चूक पहिली: ‘एकच बाटली, रात्रीपुरती’

स्तनात दूध साठून राहिलं की नवीन दूध तयार होण्याचा वेग मंदावतो आणि स्तन रिकामा झाला की तो वाढतो. संध्याकाळी एक बाटली दिली की बाळ चार तास गाढ झोपतं. घरच्यांना वाटतं, बघा, भुकेलंच होतं. तिकडे ते चार तास स्तन भरून राहतो आणि शरीर समजतं की मागणी कमी झाली. आठवड्याभरात दूध खरोखरच कमी होतं आणि “बघ, मी म्हटलं नव्हतं?” म्हणायला सगळे मोकळे.

संध्याकाळी बाळ दर अर्ध्या तासाने मागत असेल तर दर अर्ध्या तासाने पाजा. वाढीच्या दिवसांत बाळं असंच करतात. अळिवाचे आणि डिंकाचे लाडू जरूर खा, बाळंतपणात तेवढं कौतुक व्हायलाच हवं. पण दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्याने, लाडवाने नव्हे. घड्याळ लावून एकेका बाजूला दहा मिनिटं पाजणंही सोडा. बाळाने आपणहून तोंड काढलं की दुसरी बाजू द्या.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. चोवीस तासांत बाळ ८ ते १२ वेळा पितंय का? पाचव्या दिवसानंतर दिवसातून निदान सहा वेळा भरपूर शू होतेय का? डायपरमध्ये हा हिशोब लागत नाही, एक दिवस लंगोट बांधून मोजा. आणि वजन बघा. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, पण साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यायला हवं. दहा टक्क्यांपर्यंत उतरलं किंवा नंतर वाढतच नसेल, तर तेव्हा मात्र उगाच धीर धरू नका. थायरॉइडचा त्रास, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, बाळाची चुकीची पकड अशा कारणांनी दूध खरोखर कमी पडू शकतं. डॉक्टरांनी वरचं द्यायला सांगितलं तर ते वाटी-चमच्याने द्या, आणि दूध पिळून काढणं चालू ठेवा.

चूक दुसरी: ‘पहिलटकरणीला दुखतंच’

चिरा पडल्यात, रक्त येतंय, तरी ओठ दाबून पाजणाऱ्या कितीतरी जणी भेटतात. सुरुवातीला थोडं हुळहुळणं ठीक, पण पाजताना डोळ्यांत पाणी येत असेल तर पकड चुकतेय. हमखास दिसणारा प्रकार असा: बाळ मांडीवर उताणं, तोंड छताकडे, मान वळवून पितंय, आणि आई पाठीला पोक काढून त्याच्यावर वाकलीय. तोंड सुटल्यावर स्तनाग्र वापरलेल्या लिपस्टिकसारखं तिरकं दबलेलं निघतं.

पाठीला उशी लावा आणि टेकून बसा. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागू दे, नाक स्तनाग्राच्या समोर येऊ दे. त्याने मोठ्ठा आ केला की बाळाला स्तनाकडे आणा, स्तन बाळाकडे नको. नीट लागलं तर हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. गालाला खळगे पडत असतील किंवा चट्‌चट् आवाज येत असेल, तर ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी घालून सोडवा आणि परत लावा. लागेल तितक्या वेळा.

मध, साखरपाणी, गुटी

पहिल्या दोन-तीन दिवसांचा घट्ट पिवळा चीक पिळून टाकू नका. तो चमचा-चमचाच येतो आणि तेवढाच लागतो. सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवायची हौस असेल तर ती वर्षाच्या वाढदिवसापर्यंत राखून ठेवा. मधात बोटुलिझमच्या जिवाणूंची बीजं असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाला त्यांनी लकवा होऊ शकतो. शास्त्रापुरतं एक बोटसुद्धा नको.

गुटीवर वाद होतात हे मान्य. पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. हिरडा, वेखंड, मुरडशेंग सहाणेवर उगाळताना सहाण किती स्वच्छ आहे आणि वेढे किती पडले, याला काही माप नसतं. जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ गुंगतं, आणि घरचे म्हणतात, पोट शांत झालं. ग्राइप वॉटरही याच यादीत धरा.

शांत करताना

पाच मिनिटांत खुळखुळा, मोबाइलमधलं गाणं, पंखा फुल, मग बंद, आणि पाच जणांचे हात! आधीच शिणलेलं बाळ याने आणखी पिसाळतं. दिवा मंद करा, एकाच माणसाने घ्या, एकच उपाय थोडा वेळ चालू ठेवा.

त्याआधी कपडे काढून बाळ नखशिखांत बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, आणि एखादा केस मोज्यात जाऊन पायाच्या बोटाला करकचून वेढा घालतो. बोट लाल, सुजलेलं आणि मुळाशी बारीक रेघ, असं दिसलं आणि केस सहज निघाला नाही तर लगेच डॉक्टर गाठा. हातमोज्याचा सुटलेला दोरा आणि आवळलेला करदोटाही तपासा.

मालिश झाल्यावर पाय ओढून सरळ करून दुपट्यात करकचून बांधायची पद्धत खुब्याच्या सांध्याला वाईट. छातीपाशी गुंडाळलं तरी गुडघे वाकवायला जागा हवी. शेकशेगडीची धुरी तर बंदच करा, त्या एवढ्याशा फुप्फुसांना धूर कशाला?

जोरजोरात हलवणं हा यातला सगळ्यात घातक प्रकार. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. रात्री दोनला राग अनावर झाला तर बाळाला पाठीवर पाळण्यात ठेवा, दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या. पाच मिनिटं रडल्याने त्याला काही होत नाही.

झोपलं की लगेच खाली ठेवू नका. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली निरीक्षणांवरून एक साधा क्रम सुचवला: पाच मिनिटं घेऊन सलग चाला, झोप लागली की आणखी पाच ते आठ मिनिटं घेऊन बसा, मग ठेवा. अंगापासून सुटताना बाळ जागं होतं, म्हणून आधी झोप मुरू द्यायची.

‘हाताची सवय लागेल’

लागू दे. तीन-चार महिन्यांच्या बाळाचे लाड होत नसतात. माँट्रियलमध्ये १९८६ साली झालेल्या एका अभ्यासात, रडत नसतानाही रोज जास्त वेळ घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. मात्र अति रडणाऱ्या बाळांवर नंतर झालेल्या प्रयोगात असा फरक दिसला नाही. म्हणून बाळ अंगाशी बांधायचा कॅरियर बाहेर काढायचा तो टाहो फुटल्यावर नव्हे, दुपारी बाळ शांत असतानाच.

कॅरियर असो की जुनी सुती साडी, बाळ इतकं उंच असावं की मान वाकवून त्याच्या टाळूचा पापा घेता यावा. चेहरा सतत दिसायला हवा आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये. मधे दोन बोटं जायला हवीत, नाहीतर श्वासाची वाट दुमडते. ढिलं बांधलं की बाळ घसरून मुडपतं आणि नेमकं हेच होतं. गुडघे ढुंगणापेक्षा वर, मांड्या फाकलेल्या, बेडकासारख्या. पाय लोंबकळत असतील तर कॅरियर अरुंद आहे. ओढणी बाळाच्या तोंडावरून घेऊ नका. आत पाजलंत तर पाजून झाल्यावर बाळ परत वर घ्या. विदर्भातल्या मे महिन्यात कॅरियर म्हणजे अंगावर आणखी एक थर, तेव्हा घेण्याची वेळ थोडी ठेवा.

कॅरियर बांधून फोडणी घालू नका, गरम चहाही नको. आणि स्कूटरवर मागे बसू नका. बाळ बांधलंय म्हणजे सुरक्षित आहे असं वाटतं, पण पडलात तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर येतं.

रडणं साधं नाही हे कधी समजायचं

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, शीमधून रक्त, फुगलेली टाळू, नेहमीपेक्षा वेगळं कर्कश किंवा कण्हल्यासारखं रडणं, अंगावर न पिणं, उठवूनही न उठणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात न्या. दृष्ट काढायची असेल तर परत आल्यावर काढा.