जुन्या ऑटोमॅटिक गाडीची वेग घेतानाची थरथर : निदान करताना या चुका टाळा

पुढच्या चाकांवर चालणारी, दहा-पंधरा वर्षे वापरलेली ऑटोमॅटिक सेडान ॲक्सिलरेटर दाबताच थरथरू लागली, की मालकाचा पहिला खर्च बहुधा व्हील बॅलन्सिंगवर होतो, दुसरा अलाइनमेंटवर आणि तिसरा नव्या टायरवर. थरथर मात्र जिथल्या तिथेच राहते, कारण ती वेगामुळे येते की भारामुळे, हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. चाकाचा तोल बिघडला असेल तर गाडी ठरावीक वेगाला, समजा ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान, थरथरते. त्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबलेला असो वा सोडलेला, फारसा फरक पडत नाही. गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा, जॉइंट झिजला असेल तर पाय दाबताच गाडी डावी-उजवीकडे हलू लागते आणि पाय उचलताच, वेग तितकाच असतानाही, शांत होते. ही चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर दोन मिनिटांत होते आणि तिला कोणतेही हत्यार लागत नाही.

थोडे गणित केले तर निदान आणखी पक्के होते. १८५/६० आर १५ मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९ मीटर असतो. म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक आणि त्याच्यासोबत शाफ्ट सेकंदाला जवळपास नऊ फेरे घेतो. तोल बिघडलेल्या चाकाचा धक्का प्रत्येक फेऱ्याला एकदा बसतो, तर शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या, म्हणजे आतल्या, जॉइंटला तीन रोलर असल्याने तिथला धक्का फेऱ्याला तीनदा, म्हणजे सेकंदाला सुमारे २६ वेळा जाणवतो. चार सिलिंडरचे इंजिन १८०० आरपीएमला (मिनिटाला १८०० फेरे) सेकंदाला साठ वेळा प्रज्वलन करते. हा फरक अनुभवी माणसाला बसल्या जागी कळतो. इतरांनी मोबाइलवरचे कंपन मोजणारे ॲप वापरावे, पण गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसणाऱ्याने.

गिअरबॉक्सचा दोष शाफ्टच्या माथी

ऑटोमॅटिक गाडीत सर्वाधिक फसवणारी गोष्ट म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचा, लॉक-अप क्लच. तो या दोघांना थेट जखडतो. जुने, जळालेले गिअर ऑइल असले की हा क्लच घट्ट पकडण्याऐवजी पकडत-सुटत राहतो आणि गाडी रस्त्यावरच्या ओळीने केलेल्या बारीक उंचवट्यांवरून गेल्यासारखी थरारते. हा थरार बहुतेक वेळा इंजिन गरम झाल्यावर, ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या आसपास आणि हलक्या पायावर येतो. पाय जोरात दाबला की गिअरबॉक्स लॉक-अप सोडतो आणि थरार नाहीसा होतो. झिजलेल्या जॉइंटचे वागणे नेमके उलटे असते, कारण जोर वाढला की त्याची थरथरही वाढते. शंका उरलीच, तर मागे वाहन नसताना, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला केवळ ब्रेकचे दिवे लागतील इतका स्पर्श करावा. त्यामुळे लॉक-अप सुटतो, आणि त्याच क्षणी थरार थांबला तर शाफ्ट खोलण्याचे कारण उरत नाही. आधी ऑइलची स्थिती पाहावी.

इंजिनचे मिसफायरिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये नीट प्रज्वलन न होणे) वेगळे काढण्यासाठी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वात वरचा गिअर, बंद करण्याचे बटण उपयोगी पडते. ते दाबून तोच वेग राखला की आरपीएम वाढतो, पण शाफ्टची गती बदलत नाही. थरथर पूर्वीच्याच वेगाला आणि पूर्वीच्याच लयीत राहिली तर संशय शाफ्टवर जातो. ती आरपीएमच्या मागे गेली तर स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल आणि इंजिन माउंटिंग (इंजिनचे रबरी आधार) तपासावेत. चढावर जोर देताना इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय पुढे जाऊच नये.

बाहेरचा जॉइंट निर्दोष म्हणून शाफ्ट निर्दोष नव्हे

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी गोल फिरवायची आणि ‘कट-कट’ आवाज आला नाही की शाफ्ट चांगला म्हणून सोडून द्यायचा, ही गॅरेजमधली रूढ पद्धत आहे. ती चाकाजवळच्या, गोळ्यांच्या जॉइंटपुरतीच खरी आहे. वेग घेतानाची थरथर बहुधा गिअरबॉक्सकडच्या ट्रायपॉड जॉइंटमधून येते. तिथे तीन रोलर तीन खाचांमध्ये पुढे-मागे सरकत असतात. वर्षानुवर्षांच्या भाराने खाचेच्या एका बाजूला खळगा पडतो आणि जोर आला की रोलर त्यात अडखळतो. हा जॉइंट वळणावर आवाज करीलच असे नाही. शाफ्ट हाताने आत-बाहेर सरकला म्हणून तो बाद ठरवणे हीही चूकच, कारण त्याची रचनाच तशी आहे. खरी परीक्षा जॉइंट उघडून, ग्रीस पुसून, खाचेच्या कडेवरून नख फिरवल्यावर होते.

या जॉइंटची झीज त्याच्या कोनावर फार अवलंबून असते, आणि आपल्याकडे हा मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. खड्डे आणि गतिरोधक यांना कंटाळून अनेक जण स्प्रिंगमध्ये रबरी स्पेसर बसवून गाडी उंच करून घेतात. उंची वाढली की शाफ्टचा कोन वाढतो, आणि शांतपणे चालणारा, थोडासाच झिजलेला जॉइंट एकाएकी थरथरू लागतो. मागच्या सीटवर तिघे बसवून खंबाटकीचा घाट चढताना दोष अधिक जाणवतो तो याचसाठी : जोर वाढतो, आणि पुढची बाजूही उचलली जाते. बसलेले इंजिन माउंटिंग, ज्याला कित्येक मेकॅनिक फाउंडेशन म्हणतात, तेही हा कोन बिघडवते. स्पेसर काढून आणि माउंटिंग तपासून मगच शाफ्टचा निकाल द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी जॅकवर उचलून, गिअरमध्ये टाकून चाके फिरवण्याचा प्रकार धोकादायक तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. चाके लोंबत असताना शाफ्टचा कोन रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि जॉइंटवर भार जवळजवळ नसतो, त्यामुळे चांगला जॉइंट आवाज करतो आणि वाईट गप्प राहतो.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस म्हणजे फिरते सांधे, सेंटर बेअरिंगचे रबर आणि स्प्लाइन म्हणजे सरकत्या जोडाचे दाते पाहावे लागतात. तिथली नेहमीची चूक म्हणजे खुणा न करता शाफ्ट उतरवणे. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत बसले नाहीत, तर नवे क्रॉस घालूनही थरथर वाढलेलीच मिळते.

शाफ्ट बदलताना

फाटलेला बूट (जॉइंटवरचे रबरी आवरण) दिसला की केवळ बूट बदलून मोकळे होणे स्वस्त वाटते. पण आत धूळ आणि पाणी जाऊन काही आठवडे लोटले असतील, तर ग्रीस बोटांत चोळून पाहावे. ते खरखरीत लागले तर जॉइंटचे आयुष्य संपत आले आहे. दुसऱ्या टोकाला, पूर्ण शाफ्ट स्वस्तातला बसवण्याची घाई असते. अशा शाफ्टचा ट्रायपॉड मूळ मापाचा नसेल तर जुनी थरथर जाऊन नवी येते. त्यापेक्षा मूळ शाफ्टवर चांगल्या दर्जाचा आतला जॉइंट बसवणे मला पसंत आहे. बुटासोबत आलेले ग्रीस त्याच जॉइंटसाठी वापरावे, कारण आतल्या आणि बाहेरच्या जॉइंटचे ग्रीस बऱ्याचदा वेगळे असते.

शाफ्ट ओढताना तो मध्यावर धरून हिसकला तर ट्रायपॉड खाचेतून निसटतो. चपटी पहार गिअरबॉक्सजवळच्या बाजूला लावूनच तो सोडवावा. तो निघाला की बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइल वाहते, म्हणून ऑइल सील नवे घालावे आणि ऑइलची पातळी कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच तपासावी. चाकाचा एक्सल नट एकदाच वापरण्याचा असेल तर नवाच घ्यावा, आणि तो अंदाजाने न आवळता पुस्तिकेतल्या मापानुसार टॉर्क रेंचने आवळावा.