पेन जरा खाली ठेवा

बडोद्यात मराठी वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक मिळवता मिळवता संयोजकांची दमछाक होते. मग कुणाला तरी आठवतं, दांडिया बाजारातल्या काकू कोर्टात होत्या, त्यांना बोलवा. मी वकील नव्हते, न्यायाधीश तर नव्हतेच. स्टेनो होते. न्यायमंदिराच्या त्या जुन्या इमारतीत लोकांचं बोलणं उतरवून घेण्यात जन्म गेला. पण कोर्टात राहिलेल्या माणसाला निकाल देता येतच असणार, असा लोकांचा समज. परवा शेजारच्या सूनबाईला पहिल्यांदाच असं बोलावणं आलं. धावत आली, “काकू, नेमकं बघायचं काय?” तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

पहिलं मिनिटभर पेन हातात घेऊच नका. गुणपत्रिकेवर विषयाची मांडणी, भाषा, उच्चार, हावभाव, वेळ असे रकाने छापलेले असतात आणि रकाना दिसला की हात शिवशिवतो. पोरगी “सन्माननीय व्यासपीठ” म्हणते न म्हणते तोच उच्चाराचे गुण पडलेले असतात. “पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो” इथपर्यंत सगळी मुलं एकच असतात हो. तिथे काय तोलणार? कान टवकारायचे ते मुलाचं स्वतःचं पहिलं वाक्य कधी येतं याकडे. काही भाषणांत ते शेवटपर्यंत येत नाही. तसं झालं तर मी समासात एक लहानसं शून्य काढते. ते गुणांत धरत नाही, पण शेवटी फार उपयोगी पडतं.

आमच्याकडे विषय कोणताही द्या, मुलं सयाजीराव महाराजांवर येतात. त्यात वावगं काही नाही, गावच त्यांचं. कवळाण्याच्या गोपाळला, म्हणजे लहानपणच्या महाराजांना, विचारलं, तुला इथे कशाला आणलंय, आणि तो म्हणाला, राज्य करायला. हा किस्सा मी इतक्यांदा ऐकलाय की आता ओठ आपोआप हलतात. मागोमाग सनावळी येते. १८६३ ला जन्म, १८७५ ला दत्तक, १९०६ ला राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१३ ला डॉ. आंबेडकर महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला. सन बरोबर आहेत म्हणून गुण देऊ नका, ते कुठल्याही पुस्तकात मिळतात. मुलानं त्या सनाचं पुढे काय केलं ते बघा.

सातवीतली एक मुलगी होती. आवाज बारीक, हात पाठीमागे घट्ट बांधलेले. १९०६ म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, “माझी पणजी त्यानंतर जन्मली, इथेच बडोद्यात. तरी तिला सही येत नव्हती. मग सक्ती नेमकी कोणावर होती?” माझ्या पेनाचं टोपण अजून लागलेलंच होतं. पुढे तिनं सांगितलं, घरी विचारलं तेव्हा कळलं की धाकटी भावंडं सांभाळायला पणजीला घरी ठेवायचे आणि शाळेचा दंड भरून मोकळे व्हायचे. कायदा होता, दंड होता, आणि दंड परवडणारी घरंही होती. सातवीतल्या पोरीनं एका सनाच्या पोटात शिरून हे बाहेर काढलं होतं. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी तिला पाचवं ठेवलं, आवाज पोचत नाही म्हणून. मी पहिलं. आवाज पुढच्या वर्षी वाढतो, माइकही वाढवता येतो. तो प्रश्न कुठून आणणार?

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या खर्जातल्या आवाजाला मी भुलले. अख्खं भाषण हौसेनं शॉर्टहँडच्या वहीत उतरवलं आणि त्याला पहिला नंबर दिला. पुढच्या वर्षी दुसऱ्याच शाळेचा दुसराच मुलगा तेच भाषण घेऊन उभा! घरी येऊन वही काढली, तर अक्षर न अक्षर तेच, चूकसुद्धा तीच. दोघंही म्हणाले होते, सक्तीचं शिक्षण १९०६ मध्ये अमरेलीत सुरू झालं. अमरेलीचा प्रयोग १८९३ चा, १९०६ ला ते सगळ्या राज्यात आलं. लिहून देणारा एकच कुणीतरी असणार. मला लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. पहिल्या वर्षी ती चूक माझ्याच हातानं उतरवूनही मला दिसली नव्हती, इतका तो आवाज गोड होता.

पाठांतर ओळखायचं असेल तर मूल अडखळण्याची वाट बघा. शब्द पाठ केलेलं मूल अडलं की वाक्याच्या सुरुवातीला जातं आणि लांब उडीवाल्यासारखं पुन्हा धावत येतं. विषय पोटात गेलेलं मूल दुसऱ्या शब्दानं वळसा घालून पुढे निघतं. म्हणून अडखळल्याचे गुण सरसकट कापू नका, कसं सावरलं ते बघून ठरवा. नियमात बसत असेल तर भाषण संपल्यावर एकच प्रश्न विचारा. माझा ठरलेला आहे: “यातलं एक वाक्य गाळायचं झालं तर कोणतं गाळशील?” लिहून दिलेलं भाषण असलं की मूल आधी आईकडे बघतं.

उच्चारांवर परीक्षकांची भांडणं होतात. इथली बरीचशी मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. ज्ञानेश्वरांना ती ग्नानेश्वर म्हणतात, कारण गुजरातीत ज्ञ तसाच बोलतात. चाकातला च, जागेतला ज, हे दंततालव्य उच्चार त्यांच्या कानावर फक्त घरी पडतात. “जरा थांबा” मधला जरा म्हातारपणातल्या जरेसारखा येतो. एका साहेबांनी यावर पाच गुण कापले होते. चहाच्या वेळी तेच फोनवर घरी सांगत होते, “मोडं होईल मला.” उशिराला गुजराती शब्द! कोर्टात मी बेन आणि वाड्यात काकू. आपल्या सगळ्यांचीच जीभ दोन घरची आहे. ऐकताना अर्थ अडला तरच कापा. शब्दांची शेपटं गिळणाऱ्या मुलाचे मात्र जरूर कापा, मग त्याचा ज्ञ कितीही पुणेरी असो.

हावभावांबद्दल फार लिहीत नाही. आकाश म्हणताना हात वर आणि मातृभूमी म्हणताना खाली, ही कवायत झाली.

वेगाचं मात्र स्टेनोला बरोबर कळतं. सात मिनिटांना साडेसातशे शब्द भरपूर झाले. मुलांना हजार-अकराशे लिहून देतात, मग ती मेल गाडीसारखी सुटतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सूचनेची घंटा झाल्यावर सगळीच मुलं पळतात, तेवढं माफ करा. घड्याळाकडे बघायला वेगळा माणूस बसवलेला असतो, तुम्ही मुलाकडे बघा.

आता बेरीज. यात जेवढा अन्याय होतो तेवढा ऐकण्यात होत नाही. पहिल्या स्पर्धकाला सगळेच हात राखून गुण देतात, पुढे कोण येईल काय सांगावं म्हणून. मी पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलनं लिहिते आणि चौथं भाषण झालं की मागे जाऊन पक्के करते. दुसरं म्हणजे परीक्षकांचे स्वभाव. समजा तीन परीक्षक आहेत आणि चुरस दोघींतच आहे. दोन परीक्षक जपून गुण देणारे. त्यांनी पहिलीला ६६ आणि ६५ दिले, दुसरीला ६४ आणि ६३. तिसरा टोकाचे गुण देणारा, त्याच्याकडे पहिलीला ५८ आणि दुसरीला ७८. बेरीज १८९ विरुद्ध २०५, दुसरी जिंकली. तिघांपैकी दोघांना पहिली सरस वाटली होती, ते गेलं वाऱ्यावर. म्हणून गुणांऐवजी प्रत्येकाचे क्रमांक मिळवा. पहिलीचे एक, एक, दोन म्हणजे चार, दुसरीचे दोन, दोन, एक म्हणजे पाच. कमी बेरीज ती पहिली. संयोजक कुरकुरतात, पण हा हट्ट स्पर्धा सुरू होण्याआधीच धरा. निकाल लागल्यावर धरलात तर लोकांना भलताच वास येतो.

आणि प्रत्येक मुलासाठी एका ओळीची चिठ्ठी लिहा. “छान प्रयत्न” असलं नको, त्याच्याच भाषणातलं काहीतरी. पणजीवालीला मी लिहिलं होतं, “दंड किती होता ते शोधून काढ.” चिठ्ठीवर नाव घालायला तेवढं विसरू नका. एकदा मी नुसते क्रमांक घातले आणि गर्दीत अदलाबदल झाली. भिंती हादरवणाऱ्या एका पोराच्या हाती पडलं, “आवाज थोडा मोठा कर.” त्यानं ते मनावर घेतलं.