महान खेळाडू, मग प्रशिक्षक: मॅल मेनिंगा यांची कारकीर्द अभ्यासताना या चुका टाळा

रग्बी लीगमधील मोठ्या खेळाडूंपैकी जे पुढे प्रशिक्षक झाले, त्यांच्यात ऑस्ट्रेलियाचे मॅल मेनिंगा यांच्याविषयी लिहिताना जितका गोंधळ होतो, तितका क्वचितच दुसऱ्या कोणाविषयी होत असेल. क्लब, राज्य आणि देश अशा तिन्ही पातळ्यांवर ते खेळले आणि त्याच तिन्ही पातळ्यांवर त्यांनी प्रशिक्षकपदही सांभाळले. म्हणजे एकाच नावाखाली सहा निरनिराळ्या नोंदी आहेत. त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर आकडे जुळत नाहीत. आकडे कसेबसे जुळवले, तरी त्यांतून काढलेले निष्कर्ष चुकतात, आणि हे नुकसान अधिक मोठे आहे.

खेळच चुकीचा धरणे

मुंबईत रग्बी म्हटले की बॉम्बे जिमखान्याचे मैदान आठवते, आणि तिथे खेळली जाते ती रग्बी युनियन; अलीकडे लोकप्रिय झालेला सात खेळाडूंचा प्रकारही युनियनचाच आहे. रग्बी लीग हा वेगळा खेळ आहे. इंग्लंडच्या उत्तर भागातील क्लब १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे मूळ संघटनेतून बाहेर पडले आणि कालांतराने त्यांच्या खेळाचे नियमही बदलत गेले. लीगमध्ये प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू असतात, आणि चेंडू ताब्यात असलेल्या संघाला सहा टॅकलपर्यंत, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला सहा वेळा पकडून अडवेपर्यंत, आक्रमण करता येते, त्यानंतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. त्यामुळे सेंटर म्हणून (मागच्या फळीच्या मध्यभागी) खेळणाऱ्या मेनिंगा यांच्या कामगिरीला युनियनमधील सेंटरचे मापदंड लावणे हे पहिल्याच पायरीवर घसरण्यासारखे आहे.

जुन्या सामन्यांना आजचे गुण लावणे

ही चूक किरकोळ वाटते, पण ‘बेरीज जुळत नाही’ अशा बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते. आज ट्रायला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवण्याला, चार गुण मिळतात, परंतु १९८३ पूर्वी तीनच मिळत असत. मेनिंगा पहिला ओरिजिन सामना (क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या ऑस्ट्रेलियन राज्यांमधला; त्याविषयी पुढे येईलच) ८ जुलै १९८० रोजी, म्हणजे आपल्या विसाव्या वाढदिवशी, ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर खेळले आणि त्यांनी सात गोल केले, म्हणजे सात वेळा चेंडू लाथेने खांबांच्या मधून आडव्या दांडीवरून मारला. क्वीन्सलँडने तो सामना २०–१० असा जिंकला. गोलचे दोन गुण धरले की मेनिंगा यांचे चौदा होतात. केरी बूस्टेड आणि ख्रिस क्लोज यांच्या दोन ट्रायचे प्रत्येकी तीन धरले, तर वीस बरोबर जुळतात. चार धरले तर बावीस होतात, आणि मग एखादा गोल चुकून जास्त मोजला गेला असावा अशी शंका घेऊन वाचक बरोबर असलेली नोंदच ‘दुरुस्त’ करून बसतो. बेरीज अडली की नोंदीवर शंका घेण्याआधी त्या वर्षीचा नियम पाहावा.

क्लब, राज्य आणि देश यांची सरमिसळ

स्टेट ऑफ ओरिजिन ही क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स यांच्यातील मालिका आहे. पूर्वीच्या आंतरराज्य सामन्यांत खेळाडू ज्या राज्यातील क्लबकडून खेळत असे, त्याच राज्याकडून उतरत असे. साहजिकच सिडनीच्या श्रीमंत क्लबांनी नेलेले क्वीन्सलँडचे खेळाडू आपल्याच राज्याविरुद्ध खेळताना दिसत. १९८० मध्ये मूळ राज्य हा निकष आला आणि सिडनीत खेळणारे आर्थर बीटसन क्वीन्सलँडचे कर्णधार म्हणून मैदानात उतरले. हा इतिहास ठाऊक नसेल, तर क्वीन्सलँडचे लोक या मालिकेसाठी इतके जीव का टाकतात, आणि तिच्या प्रशिक्षकाला तिथे एवढा मान का असतो, हे समजणार नाही.

खेळाडू म्हणून मेनिंगा यांनी क्वीन्सलँडसाठी ३२ ओरिजिन सामन्यांत १६१ गुण मिळवले. क्लब पातळीवर ब्रिस्बेनच्या साउथ्स संघाकडून ते १९८५ ची स्पर्धा जिंकले, त्याआधी इंग्लंडच्या सेंट हेलेन्सकडून एक हंगाम खेळले, आणि १९८६ पासून कॅनबेरा रेडर्सकडे राहून १९८९, १९९० आणि १९९४ अशा तीन प्रीमियरशिप (लीगची विजेतेपदे) त्यांनी मिळवल्या. मधल्या १९८७–८८ च्या काळात त्यांच्या हाताचे हाड पुन्हा पुन्हा मोडले. त्या हंगामांतील सामन्यांची संख्या कमी दिसते ती त्यामुळे. फॉर्म गेल्यामुळे संघातून वगळले, असा अर्थ काढू नये.

देशाकडून खेळताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ब्रिटन आणि फ्रान्सच्या ‘कांगारू’ दौऱ्यांवर ऑस्ट्रेलियाचा संघ कसोटी सामन्यांबरोबरच स्थानिक क्लबांविरुद्धही खेळत असे, आणि दौऱ्यातील सर्व सामने एकत्र मोजल्यास कसोटींचा आकडा फुगतो. मेनिंगा १९८२, १९८६, १९९० आणि १९९४ अशा चार दौऱ्यांवर गेले, शेवटच्या दोन दौऱ्यांत ते कर्णधार होते. १९९० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डच्या दुसऱ्या कसोटीत, सामना संपत आला असताना रिकी स्टुअर्ट यांनी आपल्या बाजूकडून मुसंडी मारली आणि त्यांच्याकडून मिळालेल्या चेंडूवर मेनिंगा यांनी निर्णायक ट्राय केला. ऑस्ट्रेलिया १४–१० असा जिंकला आणि हातातून निसटू पाहणारी मालिका वाचली.

‘मोठा खेळाडू म्हणजे मोठा प्रशिक्षक’, किंवा त्याच्या अगदी उलट

दोन्ही विधाने छातीठोकपणे केली जातात आणि दोन्ही टिकत नाहीत. वेन बेनेट खेळाडू म्हणून मेनिंगा यांच्या जवळपासही नव्हते, तरी प्रशिक्षक म्हणून त्यांनी ब्रिस्बेन ब्रॉन्कोस आणि सेंट जॉर्ज इलावारा यांच्यासह सात प्रीमियरशिप जिंकल्या. क्रेग बेलमी हे कॅनबेरामध्ये मेनिंगा यांचेच सहकारी. अनेक जागांवर खेळू शकणारा, पण संघाचा तारा नसलेला खेळाडू अशी त्यांची ओळख होती. ब्रिस्बेनमध्ये बेनेट यांच्या हाताखाली काही वर्षे सहायक म्हणून काम केल्यानंतर २००३ मध्ये ते मेलबर्न स्टॉर्मचे प्रशिक्षक झाले. (त्यांच्या नावावर २००७ आणि २००९ ची विजेतेपदे धरू नयेत, वेतनमर्यादेचा (क्लबने खेळाडूंवर करायच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेचा) भंग उघड झाल्यावर २०१० मध्ये ती क्लबकडून काढून घेण्यात आली.) दुसरीकडे रिकी स्टुअर्ट यांनी उत्तम खेळाडू असूनही सिडनी रूस्टर्सला प्रशिक्षकपदाच्या पहिल्याच हंगामात, २००२ मध्ये, विजेतेपद मिळवून दिले. चार माणसे, चार वाटा. यांतून नियम काढण्याचा हट्ट सोडला, तरच प्रत्येकाचे काम नीट दिसते.

कॅनबेराचे अपयश आणि क्वीन्सलँडचे यश एकाच पट्टीने मोजणे

माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची चूक आहे, आणि जाणकार लिहिणाऱ्यांकडूनही ती होते.

मेनिंगा १९९७ ते २००१ या काळात कॅनबेराचे प्रशिक्षक होते आणि त्यांचा संघ एकदाही ग्रँड फायनलपर्यंत, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचला नाही. २००६ ते २०१५ या काळात क्वीन्सलँडचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी दहापैकी नऊ मालिका जिंकल्या, त्यांतील आठ सलग. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘आधी शिकले, मग जिंकले’ अशी कथा रचली जाते. परंतु ही दोन कामेच निराळी आहेत. क्लबच्या प्रशिक्षकाला वेतनमर्यादेत बसणारा संघ बांधावा लागतो, तरुण खेळाडू घडवावे लागतात, करार संपणाऱ्यांना थोपवावे लागते, दुखापती सांभाळत महिनोन्महिने दर आठवड्याला संघ उतरवावा लागतो. त्यातच १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात लीगची फाटाफूट होऊन दोन स्वतंत्र स्पर्धा झाल्या होत्या आणि कॅनबेरा त्यांपैकी सुपर लीगच्या बाजूला होता. मेनिंगा यांचा पहिला हंगाम त्या पडझडीत गेला. ओरिजिनचा प्रशिक्षक मात्र वर्षातून तीन सामन्यांसाठी, दुसऱ्यांनी घडवलेले खेळाडू घेऊन थोड्या दिवसांच्या शिबिरात काम करतो. तिथे कस लागतो तो निवडीचा, विश्वासाचा आणि भिन्न क्लबांतून आलेल्या माणसांना अल्पावधीत एका जिवाचे करण्याचा.

याच्या नेमके विरुद्ध टोक म्हणजे ‘लॉकयर, थर्स्टन, कॅमेरॉन स्मिथ, स्लेटर, इंग्लिस असताना कोणीही जिंकला असता’ हे क्वीन्सलँडच्या त्या काळच्या ताऱ्यांविषयीचे वाक्य. ते तपासण्यासाठी फक्त मालिकांचे निकाल उलगडून पाहावेत. सलग जिंकलेल्या आठ मालिकांपैकी केवळ २०१० ची मालिका ३–० अशी सुटली. उरलेल्या सातही २–१ अशा होत्या. २००६, २००८ आणि २०१३ या तीन वर्षी तर क्वीन्सलँड पहिला सामना हरला होता. यांतील २००६ ची मालिका विशेष पाहण्यासारखी आहे. न्यू साउथ वेल्सने त्याआधीच्या तीन मालिका जिंकल्या होत्या. पहिल्या सामन्यात ऐनवेळी संघात आलेल्या ब्रेट फिंच यांच्या फील्ड गोलमुळे (खेळ चालू असताना लाथेने मिळवलेल्या एका गुणामुळे) क्वीन्सलँड १६–१७ असा हरला. दुसरा सामना ३०–६ असा जिंकून त्याने बरोबरी साधली, आणि मेलबर्नमधील तिसऱ्या सामन्यात पिछाडीवर असताना डॅरेन लॉकयर यांनी प्रतिस्पर्ध्यांचा हुकलेला पास उचलून केलेल्या ट्रायने १६–१४ असा विजय मिळवला. त्या क्षणी मागे पडला असता, तर सलग चौथा पराभव नवख्या प्रशिक्षकाच्या खात्यावर लागला असता. खेळाडूंचे मोठेपण निर्विवाद आहे, पण २०१२ चा शेवटचा सामना २१–२० असा आणि २०१३ चा १२–१० असा जिंकणाऱ्या संघाबद्दल ‘आपोआप जिंकला’ असे म्हणवत नाही.

विश्वचषकाचे वर्ष आणि गाळलेले पराभव

ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक म्हणून मेनिंगा यांनी दोन विश्वचषक जिंकले. ब्रिस्बेनमध्ये इंग्लंडविरुद्धचा ६–० हा विजय २०१७ चा. दुसरा ‘२०२१ चा विश्वचषक’ साथीमुळे पुढे ढकलला गेला आणि त्याचा अंतिम सामना नोव्हेंबर २०२२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर झाला. त्यात सामोआचा ३०–१० असा पराभव झाला. स्पर्धेचे नाव आणि खेळले गेल्याचे वर्ष ही दोन्ही लिहिली नाहीत, तर वाचकाला दोन वेगळ्या स्पर्धा वाटतात. गौरवपर लेखांतून गळणारे दोन पराभवही नोंदवायला हवेत: २०१९ मध्ये ऑकलंड येथे टोंगाने १६–१२ असा दिलेला धक्का, आणि २०२३ मध्ये हॅमिल्टन येथे न्यूझीलंडकडून ०–३० असा झालेला पराभव. ते वगळल्याने मेनिंगा मोठे होत नाहीत. टोंगा आणि सामोआसारख्या पॅसिफिक संघांनी या काळात घेतलेली झेप मात्र झाकली जाते.

नियुक्तीलाच कामगिरी समजणे

२०२५ मध्ये मेनिंगा यांची पर्थ बेअर्सचे पहिले प्रशिक्षक म्हणून नियुक्ती झाली. हा संघ २०२७ च्या हंगामापासून राष्ट्रीय लीगमध्ये उतरणार असल्याचे जाहीर झाले आहे. कॅनबेरानंतर क्लबच्या प्रशिक्षकपदाकडे ते प्रथमच वळत आहेत, तेही शून्यातून उभ्या राहणाऱ्या संघाकडे. त्यामुळे तक्ता करताना पर्थसाठी क्लबच्या विभागात, कॅनबेराच्या खाली, वेगळी ओळ आखावी आणि पहिला सामना होईपर्यंत तिच्यातील सामने, विजय व पराभव हे रकाने रिकामे ठेवावेत.