गड उतरताना गुडघा दुखायचा, तो असा थांबला

सिंहगड चढताना काही नाही, उतरताना मात्र गुडघ्याच्या वाटीमागे कळ. पट्टा, मलम, विश्रांती झाली. चालू केलं की पुन्हा तेच. अक्षरशः वैताग!

फिजिओथेरपिस्टने दिलेला क्रम लागू पडला. आधी भिंतीला पाठ टेकवून अर्धवट बसणं, ३० सेकंद, पाचदा. ते सोसलं की खालच्या पायरीवर दुखरा पाय ठेवून दुसरी टाच तीन आकडे मोजत जमिनीला टेकवायची, दहा वेळा, एक दिवसाआड. गुडघा आत कलू द्यायचा नाही; माझ्या मते सगळी मेख इथेच, म्हणून आरसा समोर हवाच. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत राहिलं तर पायरीऐवजी जाड पुस्तक. दम टिकवायला सायकल, सीट उंच. उतार सगळ्यात शेवटी, काठ्या घेऊन. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर आधी डॉक्टर.